रात्रीची लाईट

ट्रेक ठरवला रमाकांतने, आणि तोच आला नाही.
सीबीएसच्या फलाटावर उरलो आम्ही दोघं साडू,
मी आणि अच्युतराव,
मध्ये रमाकांतच्या अंगाएवढी रिकामी जागा
आणि अकरा वर्षांचा अबोला.

पाथर्डी फाट्याच्या प्लॉटची मोजणी होती तेव्हा.
मोजणीवाल्याने काठी टेकून विचारलं, "हा तुकडा कोणाचा?"
दोघं एकदम म्हणालो, "माझा."
त्यानंतर लग्नं-बारशी एकाच मांडवात,
पंगती वेगळ्या.

धोडप चढायचा होता. पायथ्याच्या गावाचं नाव हट्टी.
ह्यावर दोघांनाही हसू आलं असावं,
आपापल्या खिडकीकडे तोंड करून.

वाट चुकली ती अशी:
फाट्यावर त्यांना उजवी बरोबर वाटली, मला डावी.
विचारायचं कोणी कोणाला?
म्हणून दोघंही मधल्या ओढ्यात उतरलो.
माझ्या बुटाचा तळ सुटला,
करवंदीच्या जाळीत त्यांचा चष्मा गेला,
आणि पौषातला दिवस,
ओळख न देता निघून जाणारा.
गड कुठेच नव्हता.
एवढा मोठा डोंगर, मधोमध खाच पडलेला,
आणि खिशातल्या किल्लीसारखा हरवला.

रात्री दीडला एक उजेड दिसला, जमिनीलगत चालणारा.

कपाळाला बॅटरी बांधलेली मंजुळा गांगुर्डे
पोटरीभर चिखलात उभी राहून
रांगड्या कांद्याला पाणी देत होती.
"ह्या आठवड्याला रातचीच लाईट हाये," ती म्हणाली,
जणू आम्ही तेच विचारायला आलो होतो.
मग बॅटरी वर करून आमची तोंडं बघितली.
"गडावर जायचं व्हतं? गड तर मागं राह्यला, बाबा."
चहा नंतर. आधी फावडं.
भाऊ तापाने पडलेला, मोटर चालू,
पाणी कोणासाठी थांबत नाही.

अच्युतराव वरच्या अंगाला, बारं फोडायला.
मी वाफ्याच्या टोकाला, भरला की सांगायला.
दात आपसात भांडत होते.
वाफा भरला. काठोकाठ. बांध ओलांडायला निघाला.
आता ओरडायलाच हवं होतं.
अकरा वर्षं गिळलेला आवाज
वर येताना घशात खरखरला:
"भरला!"
अंधारातून, जरा वेळाने:
"फोडू?"
"फोडा!"

असे चौसष्ट वाफे. मी मोजले.
भरला. फोडू? फोडा.
चाळिसाव्याला ते म्हणाले, "थंडी फार नाही ना वाजत?"
मी म्हणालो, "भरला."
लांबून नीट ऐकू येत नाही, असं आपलं समजायचं.

साडेपाचला लाईट गेली. मोटर गप्प झाली.
तेव्हा माती पाणी पिते तो आवाज ऐकला,
बारीक, दूध उतू जायच्या आधी येतो तसा.
आणि उजाडलं तर धोडप आमच्या पाठीशीच उभा,
रात्रभर तिथेच असणार,
सगळाच्या सगळा, शेवटच्या वाफ्यात उलटा,
कांद्याच्या पाती त्याच्या अंगातून उगवलेल्या.
चढून गेलो असतो तर असा कुठला दिसायला.
अच्युतरावांना चष्म्यावाचून नुसता काळा ढीग दिसत होता.
म्हणून मी सांगत गेलो:
डावीकडे माची. मग सुळका. मग भिंत चालते लांबवर.
"आणि खाच?"
खाच आहे. आरपार आभाळ दिसतंय.
"असू दे," ते म्हणाले.

मंजुळाने गोणी शिवायच्या दाभणाने
माझा बूट सुतळीने शिवला. टाके मोठे, पण पक्के.
वर पिशवीभर कांदे दिले, मजुरी म्हणून.
पैसे काढले तर रागावली.

सीबीएसच्या बाकावर आम्ही वाटणी केली,
एक तुम्हाला, एक मला.
शेवटी एक उरला. त्यांनी माझ्याकडे सरकवला.
मी त्यांच्याकडे.
पुन्हा त्यांनी. पुन्हा मी.
झाडू मारत आलेली बाई थांबली.
"हा कांदा कोणाचा?"
दोघं एकदम म्हणालो,
"ह्यांचा."