मागचं उजवं चाक आधी

ऑरिन जुन्या फोर्डखाली उताणा,
व्हर्लाचा पाय पेडलवर.
उद्या तिला लेमहाय खिंड उतरायचीय.

"दाब."
"दाबलंय."
"तसंच धर."
नळीतून पीचच्या रिकाम्या बरणीत
गळतं काळपट, आटून गेलेल्या चहासारखं,
मग बुडबुडे, दाटीवाटीनं.
"सोड."

आईला पुरल्यापासून
बापलेकीत एवढंही बोलणं झालं नव्हतं.

"ब्रेक ऑइल हवेतली ओल पीत राहतं,
झाकण कितीही आवळा,"
तो खालून म्हणतो.
ट्रकबद्दलच.

चौथं चाक. बरणीत आता स्वच्छ, फिकट.
पेडल अर्ध्यावरच घट्ट थांबतं.
"झालं," तो पाना पुसतो.

ती पाय उचलत नाही.
"अजून एकदा बघा ना.
असेल एखादा बुडबुडा."