मागचं चाक

मुंजामामानं माझ्या सायकलचं मागचं चाक काढलं,
टायर-ट्यूब टांगली खुंटीला.
"पोळ्याच्या आत देतो," म्हणाला.

मानवतच्या भंगारातून
मंडपवाल्याच्या फुटक्या कर्ण्यांतले लोहचुंबक आणले,
लोकांच्या लग्नात ओरडून थकलेले.
पंधरा आख्खे, एक अर्धा.
पान्हा जवळ नेला की सोडायचे नाहीत.
मामी म्हणाली, "बिल भरंना,
आन् ह्येला फुकटात वीज पायजे."

रात्री चाक सोडलं.
आऱ्या पुसट झाल्या,
पावणेदोन फेरे,
मग वॉल्व्हच्या भोकापाशी अडलं.
मागं-पुढं, मागं-पुढं,
निघताना चप्पल शोधणाऱ्या पाहुण्यासारखं.

खडूची खूण. चुंबक जरा तिरपे.
पुन्हा तिथंच.
"उलीसंच राहिलंय," मामा.
पोळा गेला, दसरा गेला,
मी शाळेला पायी,
रस्त्यात सरकीचे ट्रक मोजत.

एकदा तो पाणी प्यायला उठला.
मी बोटानं तेवढी जागा ओलांडून दिली.
चाक फिरलं.
परत बोट, परत फिरलं.

दारात मामा, हातात तांब्या,
कधीपासून उभा कुणास ठाऊक.
म्हणाला,
"थांबू नको.
बोट हिशेबात धरायचं नाही."