साडेसोळा इंच

ढवळे सुपरवायझर तीन महिन्यांचं भाडं बुडवून गेला
आणि जिन्याखाली सायकल सोडून गेला,
डोंगरातली, जाड टायरची, पुढे शॉकअपवाली.
हँडलला चिठ्ठी: ताई, हिशेब फिटला समजा.
जालन्यात डोंगर कुठला.
पण गोलापांगरीपर्यंतचा रस्ता आहे
आणि त्या रस्त्यावर माझी सव्वीस गिऱ्हाइकं,
म्हणजे बावन्न बाह्या. हुक कोण मोजतं.

सहा वर्षं चालवली.
शॉकअप आधी कुरकुरला, मग तेल ओकला,
मग दाबला की उठायला वेळ लावू लागला.
चढावर पाय मारावा तर निम्मा जोर त्याच्याच पोटात.
रस्ता काहीही म्हणो, हा मान डोलावणार.
असली माणसं माहेरी पाहिली आहेत मी.

यावर मिस्त्री म्हणाला, "आपा, शॉकप मर गया.
सादा चिमटा डाल लेव, झंझटच नक्को."
सादा म्हणजे केवढा?
"चिमटा म्हणजे चिमटा."
मी गळ्यातली टेप काढली.

चाकाच्या आसापासून वर खांद्यापर्यंत: सव्वासतरा.
मग म्हटलं, थांब, मी बसते, आता तू माप.
साडेसोळा.
शिवणाऱ्या बाईला हे कुणी सांगावं लागत नाही,
उभ्याचं माप वेगळं, बसल्याचं वेगळं,
आणि कपडा फाटतो तो बसताना.

पहिला चिमटा काळा, नवाकोरा, साडेपंधराचा.
तो घातला तर सायकल मान खाली घालणार,
उतारावर मला पुढे ढकलणार.
"एक इंच में क्या होता, आपा?"
एका इंचात काय होतं
ते त्यानं लग्नाच्या आदल्या रात्री
नवरीच्या मुंढ्याला विचारावं.

दुसरा फोनमध्ये. पुण्याच्या भाच्यानं पाठवलेला फोटो.
कार्बनचा. वजन म्हणे दुधी भोपळ्याएवढं.
माझे ब्रेक रबरी, रिमला चावणारे,
त्यांना त्यावर बसायला खुंट्याच नाहीत.
तरी किंमत विचारली
आणि फोन परत दिला.

तिसरा भंगारातला.
मिलच्या भट्टीकडे निघालेल्या ट्रकमधून
यावरच्या पोरानं ओढून काढलेला,
पोलादी, गंजाखाली निळा,
पाय टोकाशी जरासे पुढे वळलेले.
टिचकी मारली. बराच वेळ वाजला.
जोड बारीक, एकसारखे; हात चांगला होता कुणाचातरी.
टेप लावली: साडेसोळा, वर एक सूत.

चाक बसवलं तर टायरच्या वर चार बोटं रिकामी.
यावर हसला. देखो, माप चुकलं.
नाही रे, म्हटलं, ही माया आहे.
शिवणीच्या आत सोडतात ती.
ज्यानं हा घडवला त्याला ठाऊक होतं
की याच्या आधी इथे
कुणीतरी दबणारं होतं.

दांडी कापायला त्यानं करवत उचलली
तेव्हा मात्र मी हात धरला.
एक बोट वर ठेव. कड्या घाल दोन.
कापलेलं वाढत नाही.

मंगळवारी पहाटे निघाले.
कुंडलिकेचा पूल, मोसंबीच्या बागा,
मग हायवे सोडून मळ्यांची वाट,
जिथे काळा दगड मातीतून कोपर काढून बसलेला.
आता मध्ये बोलणारं कुणी नाही.
खडा तर खडा, खड्डा तर खड्डा,
मनगटातून थेट दाढेपर्यंत.
पण चढावर जेवढा पाय मारला
तेवढी पुढे गेली, पै न् पै.
डब्यात टाचण्या खुळखुळत राहिल्या.

विमल टोम्पे म्हणाली, बाही घट्ट होते गं.
तिथेच ओसरीवर उसवली. आत पाव इंच होतं.
सुईत दोरा ओवताना हात थरथरत होता,
दोनदा हुकला.
विमल म्हणाली, वय झालं तुझं.
मी म्हटलं, रस्ता आहे तो, अजून उतरला नाही.

येताना पुढच्या चाकातली हवा
थोडी सोडली.