सत्तावीस खेपा

नोव्हेंबर. डुलुथच्या कॉलेजात पोरींनी
ग्रंथालय ते जेवणघर दोरी बांधली
आणि टांगले सदरे.
रंगाने लिहिलेलं एकेक वाक्य,
नाव कुणाचंच नाही.
‘तो माझा लॅब-पार्टनर होता.’
‘आईला अजून माहीत नाही.’
एकावर नुसती तारीख, तीही जुनी.

दुपारी माइक बंद पडला.
ऐकायला तेरा जण, त्यातले चार कॉफीसाठी.
सरोवरावरून वारा सुटला तसे
तेही पांगले.

रात्री मार्लिस आली,
सफाईवाली, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.
सदरे गोठून फळ्यांसारखे ताठ.
घडी घालायला गेली, तर बाही वाकेना.
मग एकेकाला काखेत धरून,
घेरी आलेल्या माणसाला न्यावं तसं,
बॉयलरच्या खोलीत नेलं,
भिंतीला टेकवून उभं केलं.
सत्तावीस खेपा.

उबेनं हळूहळू खांदे पडले,
अक्षरं ओघळली.
फरशीवर लाल, निळं, जांभळं पाणी.

फरशी पुसायचाच पगार तिला, बत्तीस वर्षं.
बादली आणली. पुसत गेली कोपऱ्यापर्यंत.
तारखेच्या सदऱ्याखालचं तेवढं
राहू दिलं,
आणि दिवा न मालवता
दार लोटून घेतलं.