वादी गैरहजर

खसबच्या ऑफिसातून निघालं की दोन तास
डांबर, मग खडी, मग नुसतेच धोंडे,
आणि शेवटी एक फाटक, ज्याला कुंपणच नाही.
पलीकडे राखीव रान. देशाचं उत्तरेचं टोक.
फाटकाला कुलूप आहे, आम्ही ते रोज उघडतो.
बाजूनं जाता येतं, पण सुलैमान म्हणतो,
पाहुण्यानं दारातूनच जावं.

इथे नदीला वादी म्हणतात.
पहिल्या दिवशी मी हसलो होतो.
आमच्याकडे वादी चपलेची, तबल्याची,
नाहीतर कोर्टाच्या व्हरांड्यात
ज्याच्या नावाचा पुकारा होतो तो,
गाऱ्हाणं घेऊन आलेला.
इथे पात्र आहे दोनशे हात रुंद,
दोन्ही काठ साक्षीदारासारखे उभे,
आणि वादी गैरहजर.

माझं काम: सकाळी सहा, संध्याकाळी सहा,
पात्रात रोवलेल्या खांबावरचा आकडा वाचणं.
पांढऱ्यावर काळे, शून्य ते पाच मीटर.
वैनगंगेवर आरमोरीच्या पुलाशी
हेच केलं अकरा वर्षं, रोजंदारीवर.
तिथे आकडा रात्री तीनला उठवायचा.
इथे शून्य. शून्य.
रजिस्टर भरत आलं तसं शून्य तेवढं सुधारलं,
आता एका झटक्यात गोल येतं.

सुकेशिनी फोनवर विचारते, आज किती पानी?
मी सांगतो.
"न आलेल्या पान्याचे पैसे देतेत का जी तुमाले?"
देतात. महिनाअखेरीस, रियालात.

सुलैमान शिह्ही सत्तरीचा,
हातात काठी, तिच्या टोकाला बोटभर कुऱ्हाड.
त्याच्या आज्याचं दगडी घर वर पठारावर आहे,
अर्धं जमिनीत. आतले रांजण दारापेक्षा मोठे:
आधी रांजण ठेवले, भिंती मागून बांधल्या.
इथली माणसं पाण्याची वाट अशी पाहतात.
त्यानं एकदा मला कडा दाखवला,
दोन पुरुष उंचीवर, कपारीत
खजुराचं खोड आडवं अडकलेलं.
म्हणाला, "तिनं ठेवलंय. माझं लग्न झालं त्या साली."
खाली मी माझा पाच मीटरचा खांब पाहिला
आणि काही बोललो नाही.

फेब्रुवारीतली रात्र. आमच्यावर चांदण्या,
वीज दूर, डोंगरामागे, दुसऱ्याच कुणाच्या घरात.
आधी शेळ्या वर चढल्या.
मग सुलैमाननं चहाचा पेला खाली ठेवला.
आवाज नव्हता अजून. वास होता,
बंद ट्रंक उघडल्यासारखा.
मग धोंड्यावर धोंडा, भरड दळण पडावं तसा,
मग ती:
आधी पाणी नाहीच, काटक्या, लेंड्या, फेस,
एक निळा पिंप, मुळासकट बोरीचं झाड,
त्यामागून सगळी, एकदम, उभीच.

मी टॉर्च घेऊन धावलो. सवय.
एक वीस. दोन दहा.
तीन, तीन साठ,
सुलैमाननं मागून कॉलर धरली, तो अरबीत शिव्या देत होता,
चार चाळीस,
आणि खांब वाकला. आदबीनं,
मोठ्यांसमोर वाकावं तसा, आणि गेला.

आकडा वाचणारा मी, वाचायला काही नव्हतं.
सुकेशिनीला फोन लावला, रेंज नव्हती,
तरी बराच वेळ पाण्याकडे धरून उभा राहिलो.

सकाळी सहा. चिखल, डबकी,
एका डबक्यात नखाएवढा मासा,
अकरा महिने कुठे होता त्यालाच ठाऊक.
फाटक गेलं होतं, कुलपासकट.
किल्ली सुलैमानच्या खिशात, तो ती चाचपत होता.

आकड्याचा रकाना मी कोरा ठेवला.
शेऱ्यात लिहिलं, मराठीत: वादी हजर.
खसबचा इंजिनिअर विचारील, काय भाषा ही, पाणी किती?
कपारीतलं खोड जागेवर नाही, एवढं सांगेन.

संध्याकाळी सहाला परत गेलो.
पात्र कोरडं पडत होतं, खांब नव्हता,
शून्यसुद्धा लिहिता येईना.