एकोणिसावा काटा

जानोरीच्या पॅकहाऊसात बत्तीस टेबलं.
प्रत्येकावर काटा, काट्यामागे एक बाई,
कात्रीनं फुटका मणी काढून घड पेटीत निजवणारी.
पाच किलोला जरा कमी, की लाल दिवा.

दिव्याचा प्रोग्रॅम पगारेंचा.
ते रिटायर झाले, मी आले,
फाइल उघडली आणि हसूच फुटलं:
जर काटा एक आणि वजन पाचच्या आत, तर दिवा.
जर काटा दोन आणि वजन पाचच्या आत, तर दिवा.
जर काटा तीन...
पहिल्यानं म्हणायचं, एकतीस जणांनी री ओढायची.
तिकडे येवल्यात जर विणला की पैठणी होते,
इथे नुसताच जर,
पदर कुठे दिसेना.

मी लूप लिहिला. चार ओळी.
एकपासून बत्तीसपर्यंत तूच चाल,
प्रत्येकीपाशी तेवढंच विचार, पुढे हो.
एकशे अठ्ठावीस ओळी खोडल्या
आणि शीळ घालत चहाला गेले.

दुपारी एकोणीस नंबरचा दिवा लागला.
विझला. लागला.
चंद्रभागा गांगुर्डे पेटीत अजून एक झुबका घालत होत्या,
"मॅडम, सीझनभर असं नव्हतं हो."
पैसे पेटीमागे मिळतात.

जुनी फाइल पुन्हा काढली.
सकाळी नुसती पाहिली होती, आता वाचली.
अठरा: पाच किलो.
वीस: पाच किलो.
एकोणीस: चार किलो नऊशे चाळीस.

पाच किलोचं माप त्या काट्यावर ठेवलं.
चार नऊशे चाळीस, तो म्हणाला, न अडखळता.

पगारेंना फोन लावला, जेलरोडला.
"मेकॅनिक काय, सीझन उलटल्यावर उगवतो.
तोवर बाईनं पेटीमागे साठ ग्रॅम फुकट भरायचे?"
"मग तसं लिहून का नाही ठेवलंत?"
पलीकडे कुकरची शिट्टी झाली.
"राहिलं," म्हणाले.

लूप ठेवलाच. चूक त्याची नव्हती.
फक्त त्याच्या हातात बत्तीस आकड्यांची यादी दिली,
पाच, पाच, पाच,
आणि त्यात एक जागा वेगळी.
वर एक ओळ:
काटा १९ साठ ग्रॅम खोटं बोलतो.
दुरुस्त झाला की पाच करा. आधी टेबलावर जाऊन विचारा.

सुटताना गांगुर्डेबाई म्हणाल्या, काय केलंत?
म्हटलं, होतं तसं केलं.
"त्याला दिवस लागतो?"
आणि चिकट कात्री धुवायला
नळावर गेल्या.