चुन्याची शेड

सरळगाव सोडल्यावर डावीकडे,
डांबर संपतं तिथून पाऊण किलोमीटर आत
बावीस गुंठे.
सातबाऱ्यावर आम्हा दोघा भावंडांची नावं,
विजेच्या मीटरवर कुणाचंच नाही,
कारण मीटरच नाही अजून.

वागळे इस्टेटमधला गाळा मार्चअखेर सोडायचाय.
तिथे लेथ, शेपर, दोन टनी चेनब्लॉक,
आणि बाबांची मॅटाडोर,
एकोणीस वर्षं एकाच जागी उभी,
अर्धी ताडपत्रीखाली, अर्धी महापालिकेच्या नोटिशीखाली.

म्हणून हा रविवार.
चुन्याची अर्धी गोणी, तीस मीटरचा टेप, सुतळी, खुंट्या,
आणि मुकुंदाच्या खिशात चौकटीच्या वहीचं पान,
ज्यावर शेड साठ बाय चाळीस आहे
आणि जमीन सपाट.

जमीन सपाट नाही.
पाण्याच्या नळीत दोन कोपऱ्यांचा फरक निघाला
अठ्ठावीस इंच.
मुकुंदा म्हणतो, नळीत बुडबुडा असेल.
मी नळी झटकते.
अठ्ठावीसच.

आखत जातो.
इथे लेथ, टूलवर दुपारचं ऊन नको.
कॉम्प्रेसर भिंतीबाहेर, त्याची बडबड त्याच्यापाशी.
इथे वेल्डिंग, तिथे रंग, दोघांमध्ये
भांडलेल्या जावांइतकं अंतर.
इथे जीप. इथे ट्रॅक्टर, जो अजून घेतलेला नाही.
इथे शेजारपाजारच्या गाड्या पावसाळाभर ठेवायला,
ज्यांनी अजून विचारलेलं नाही.
चुन्यातल्या शेडला पत्रा लागत नाही,
ती वाढतच जाते.

दाराची उंची.
भिवंडीचा इश्तियाक म्हणतो, बारा फूट घ्या,
शटर तयार मिळतं.
मुकुंदा म्हणतो, चौदा.
का चौदा? मॅटाडोर तर आठाचीही नाही.
तो हातावरचा चुना झाडत बसतो.
मग म्हणतो, गाळ्याचं शटर
साडेपाच फुटांवर अडकायचं.
बाबा सहा फूट एक इंच.
त्यांच्या कपाळावरची ती खूण
मी दहावीपर्यंत जन्मखूणच समजत होते.
इश्तियाक वहीत चौदा लिहितो.
स्टीलचा भाव मात्र काही कमी करत नाही.

मग पिट. गाडीखाली उभं राहून काम करायला
साडेचार फूट खोल, तीन रुंद.
गोमा आगिवले सकाळपासून बांधावर होता,
त्याच्या डबीतला चुना तंबाखूला लावत,
आमचा जमिनीवरचा बघत.
"हितं हीर काढताय का?"
नाही, खड्डा. गाड्यांसाठी.
"मंग हीरच झाली. श्रावणात हितनं पाणी चालतं.
आडवलं तर थांबायचं न्हाई त्ये.
आत यील, बसंल, गाडीबिडी बघंल."

उठला, आणि टाचेने एक रेघ ओढत गेला
मोहाच्या झाडापासून खालच्या ओहोळापर्यंत.
त्याच्या मागोमाग मी नळी लावत गेले.
उतार तोच.
मुकुंदाने या वेळी बुडबुड्याचं नाव काढलं नाही.

शेड अकरा मीटर पूर्वेला सरकली.
जुना चुना पायाने पुसला, पण पुसला गेला नाही.
आता जमिनीवर दोन शेड,
एकमेकींत पाय अडकवून झोपलेल्या.
शहापूरकडचं ऊन उतरत चाललं,
इश्तियाकने चहाची वाट बघणं सोडलं.

शेवटी वळण.
आणलेला टेम्पो मुकुंदाने रस्त्यावरून आत घेतला.
मी खुंटीपाशी उभी, हाताने इशारे करत,
ये, ये, अजून ये, डावं कापून घे.
समोर दोन खुंट्या, मध्ये वीस फूट मोकळी हवा,
वर नुसतं आभाळ.
आणि दारातून आत शिरताना
काचेआड त्याने मान खाली घातली.

मी पान उलटून मागे लिहिलं:
एका दमात वळतो.
पाठी घ्यावा लागत नाही.